करंट कुठं अडला

अँबेसिडर विलायती गाडी आहे म्हटलं की बीडमध्ये लोक हसतात. कलेक्टरची गाडी, सिव्हिल सर्जनची गाडी, साखर कारखान्याच्या चेअरमनची गाडी, लग्नसराईत फुलं लावून उभी असलेली नवरदेवाची गाडी. बीड शहरात रेल्वे आली ती २०२५च्या सप्टेंबरात. तोवर एसटी, जीप आणि ही. तिला परकी कोण म्हणणार? पण बॉनेट उघडलं की खरं कूळ कळतं. इंग्लंडमध्ये काउलीला बनणारी मॉरिस ऑक्सफर्ड सीरीज थ्री ही मोटार हिंदुस्थान मोटर्सनं १९५७-५८च्या सुमारास कलकत्त्याजवळच्या उत्तरपाड्यात अँबेसिडर या नावानं बनवायला घेतली. तिकडे ऑक्सफर्ड थ्री १९५९मध्ये बंद झाली, इकडे अँबेसिडर २०१४च्या मेपर्यंत चालली. तिचं १४८९ सीसीचं इंजिन बीएमसीच्या बी-सीरीजचं. हेच इंजिन जरा वेगळ्या साजात एमजीए या देखण्या स्पोर्ट्स गाडीत होतं. म्हणजे एमजीएच्या इंग्लिश मालकाला जी दुखणी, तीच आमच्या मार्क टू अँबेसिडरला. फरक उन्हाचा आणि धुळीचा.

ही टिपणं तिच्या इग्निशनची. ब्रेक, स्टिअरिंग, सस्पेन्शन यांच्या तक्रारींना वेगळी वही लागेल, आणि ती जाड असेल.

*

करंटची वाट एकदा नीट पाठ केली की अर्धं काम होतं. बॅटरीतून बारा व्होल्ट निघतात, किल्लीच्या स्विचमधून कॉइलला जातात. कॉइलमध्ये तांब्याचे दोन वेढे: एक जाड तारेचा, थोड्या फेऱ्यांचा, दुसरा केसासारख्या बारीक तारेचा, हजारो फेऱ्यांचा. पहिल्या वेढ्यातून निघालेला करंट डिस्ट्रिब्यूटरमधल्या पॉइंटपर्यंत येतो. पॉइंट मिटलेले असताना करंट वाहतो, ते उघडले की तो तुटतो. तो तुटण्याच्या क्षणी दुसऱ्या वेढ्यात हजारो व्होल्ट उभे राहतात आणि मधल्या जाड तारेनं कॅपमध्ये येतात. तिथून कार्बनचं बुटुक, रोटर, मग ज्याची पाळी त्या प्लगची तार.

ठिणगी पडते ती पॉइंट जुळल्यानं नव्हे, सुटल्यानं. हे डोक्यात बसलं नाही तर पुढचं सगळं उलटं समजतं.

चार सिलिंडरच्या इंजिनाला क्रँकच्या एका फेरीत दोन ठिणग्या लागतात. तीन हजार आरपीएमला सेकंदाला शंभर. म्हणजे नखाएवढ्या त्या टंगस्टनच्या दोन टिकल्या सेकंदाला शंभर वेळा उघडतात आणि मिटतात. ही रचना अमेरिकेत चार्ल्स केटरिंगनं १९१०च्या आसपास बसवली, कॅडिलॅकमध्ये आली, आणि पुढं साठ-सत्तर वर्षं जगातल्या बहुतेक पेट्रोल गाड्यांनी तीच वापरली. एवढं साधं यंत्र इतकी वर्षं टिकलं याचं मला अजून नवल वाटतं.

*

बार्शी नाक्याकडच्या गॅरेजातले चाचा. वय झालंय, आता फक्त ओळखीच्या गाड्यांना हात लावतात. गाडी बंद पडली की मालक आधी कार्बोरेटर खोलतो, हा त्यांचा जुना राग. "सर, आधी करंट बघा. पेट्रोल कुठं पळून जायलंय?"

करंट बघायचा म्हणजे डिस्ट्रिब्यूटरच्या कॅपमधली मधली तार उपसायची, तिचं टोक इंजिनच्या उघड्या लोखंडापासून अर्ध्या बोटावर धरायचं, किल्ली चालू करायची आणि मिटलेले पॉइंट लाकडी मुठीच्या स्क्रू ड्रायव्हरनं हलकेच उचकायचे. निळसर पांढरी, जाड ठिणगी पडली तर कॉइल, कंडेन्सर, पॉइंट तिन्ही ठीक. दोष पुढं, कॅप-रोटर-प्लगकडं. पिवळी, बारीक, कशीबशी पडली तर दोष मागं. पडलीच नाही तर अजून मागं. वाट अशी दोन भागांत कापली की अर्धा संशय तिथंच संपतो.

पण वैशाखातल्या दुपारी बीडच्या रस्त्यावर ठिणगी दिसत नाही. ऊन इतकं पांढरं असतं की निळं काय आणि पिवळं काय. चाचा बघत नाहीत, ऐकतात. चांगली ठिणगी ‘टक्’ वाजते, कोरडी आणि ठणठणीत. अशक्त ठिणगी चुरचुरते. खांद्यावरचं उपरणं बॉनेटवर आडवं धरून सावली करता येते, पण कान पुरतो.

हे करताना कार्बोरेटर उघडा ठेवू नये, पेट्रोल सांडलेलं असू नये. हे लिहायची गरज नसावी, पण लिहितो.

*

चार ब्लेडं.

पॉइंटमधलं अंतर पंधरा-सोळा थाऊ हवं, म्हणजे ०.४ मिलिमीटर. फीलर गेज गॅरेजात असतं, घाटात नसतं. दाढीचं साधं दोन धारांचं ब्लेड ०.१ मिलिमीटर जाडीचं असतं. चार एकावर एक ठेवली की बरोबर माप. पूर्वी प्रत्येक खेड्यातल्या टपरीवर ब्लेडचं पाकीट मिळायचं, आताही मिळतं. प्लगच्या फटीला पंचवीस थाऊ लागतात, तेवढी जाडी एक्सा ब्लेडची. लोखंड कापायचं ते पातं, त्याचा तुटका तुकडा टूलकिटमध्ये टाकून ठेवावा.

माप घ्यायचं ते पॉइंट पुरते उघडलेले असताना, म्हणजे फायबरची टाच कॅमच्या टोकावर चढलेली असताना. हँडल घालून इंजिन हळूहळू फिरवायचं आणि टाच कुठं आहे ते बघायचं. जुन्या पॉइंटवर ब्लेड फसवतं. ठिणग्यांनी एका टिकलीवर टेकाड येतं आणि समोरच्या टिकलीत खळगा पडतो. ब्लेड टेकाडावर अडकतं आणि खरं अंतर त्याहून जास्त राहतं. म्हणून आधी घासून सपाट करायचे, मग मापायचे. घासायला बारीक कानस. एमरी पेपर नको, त्याची रेती धातूत रुतते आणि पुढं जळत राहते. घासून झाल्यावर जाड पुठ्ठ्याचा कोरा तुकडा मधून ओढून काढायचा. पुठ्ठ्यावर काळी रेघ उमटते. ती उमटायची थांबेपर्यंत ओढत राहायचं.

टाच झिजते तसं अंतर कमी होतं आणि टायमिंग मागं पडतं. गाडी ओढत नाही, गरम होते, आणि मालक रेडिएटर धुऊन आणतो. कॅमला चिमूटभर ग्रीस लावलं तर टाच खूप दिवस टिकते. चिमूटभरच. जास्त लावलं की ते उडून टिकल्यांवर बसतं आणि गाडी तिथंच उभी.

*

नवे पॉइंट टाकले आणि करंटच गेला, असं झालं तर पॉइंटला दोष देण्याआधी वॉशर बघावेत. पॉइंटची स्प्रिंग ज्या खुंटीवर बसते ती खुंटी अर्थला आहे. स्प्रिंग, कंडेन्सरची तार आणि कॉइलकडून आलेली तार या तिघी एकमेकींना चिकटलेल्या हव्यात आणि खुंटीपासून तुटलेल्या. मधला प्लास्टिकचा टोपीसारखा वॉशर ते काम करतो. वरखाली बसला, किंवा एखादं टर्मिनल टोपीच्या चुकीच्या बाजूला गेलं, की पॉइंट उघडतच नाहीत असं कॉइलला वाटतं.

टेस्ट लॅम्प इथं सगळं सांगतो. एक टोक कॉइलच्या पॉइंटकडच्या टर्मिनलला, दुसरं बॉडीला, किल्ली चालू, हँडल फिरवा. दिवा लागतो, विझतो, लागतो, विझतो: ठीक. कायम लागलेला: पॉइंट जुळत नाहीत, मळलेत किंवा आतली तार तुटली. कायम विझलेला: एक तर मागून करंट येत नाही, नाही तर वॉशरचा घोळ.

*

कंडेन्सर ही सगळ्यात स्वस्त वस्तू आणि सगळ्यात जास्त छळणारी. करंगळीच्या पेरापेक्षा थोडी मोठी पत्र्याची डबी, आत कागद-पत्र्याची गुंडाळी, क्षमता ०.२ मायक्रोफॅरडच्या आसपास. पॉइंट सुटताना करंट फटीतून उडी मारू पाहतो; कंडेन्सर तो क्षणभर आपल्यात घेतो, म्हणून करंट झटक्यात तुटतो आणि कॉइलमध्ये दाब उभा राहतो. कंडेन्सर मेला की पॉइंटवर ठिणग्यांचा पाऊस पडतो, प्लगवर काहीच नाही. डिस्ट्रिब्यूटर उघडा ठेवून संध्याकाळी कुणाला तरी सेल्फ मारायला लावा. पॉइंटवर मोठी निळी ठिणगी दिसली तर दुसरं काही बघायची गरज नाही.

दुखणं असं की तो थंड असताना चांगला असतो. सकाळी गाडी फर्स्ट क्लास, नेकनूरपर्यंत फर्स्ट क्लास, मग सायलेन्सरमधून फाटफाट. थांबा, चहा प्या, पुन्हा फर्स्ट क्लास. मीटरवर मापला तर बरोबर दाखवतो, कारण मीटर त्याला ना ऊन देतो ना शेकडो व्होल्टचा दणका.

हल्ली दुकानात मिळणारे नवे कंडेन्सर जुन्यांइतके टिकत नाहीत. गुंडाळीचं तोंड आत नीट झाळलेलं नसतं, नुसतं दाबलेलं असतं. त्यामुळं माझा नियम: चालता कंडेन्सर बदलायचा नाही. नवा आणला तर आधी गाडीवर लावून दोन-चार गावं फिरवायचा, मग काढून डिकीत ठेवायचा आणि जुना परत लावायचा. न तपासलेला स्पेअर हा स्पेअर नव्हे.

*

मांजरसुंब्याचा घाट. बेंदसुऱ्याचं धरण मागं टाकलं की बालाघाटाची चढण लागते. आता चौपदरी आहे, ट्रक सुसाट जातात. पण मे महिन्यात दुपारी, मागं तीन माणसं आणि डिकीत आंब्याच्या पेट्या असताना दुसऱ्या गिअरमध्ये चढणारी अँबेसिडर वर पोचता पोचता खोकते, दोन झटके देते आणि गप्प होते. अर्ध्या तासानं काही न करता चालू. तेलगावकडून धारूरचा घाट चढताना हेच.

संशयित तीन: कॉइल, कंडेन्सर आणि पेट्रोलची वाफ. तिघांचं वागणं सारखं, तिघंही गार झाले की निर्दोष. म्हणून गुन्हा घडताना पकडावं लागतं. गाडी बंद पडल्या पडल्या, बॉनेट गरम असतानाच, हात पोळला तरी, मधल्या तारेची ठिणगी बघायची. अर्ध्या तासानं बघून उपयोग नाही. ठिणगी ठणठणीत असेल तर इग्निशन सुटलं, वाफ अडकली. इंजिनला चिकटून बसलेल्या पेट्रोल पंपावर आणि नळीवर ओलं फडकं टाकलं की गाडी चालू होते. रस्त्याकडेला बाटलीतून पंपावर पाणी ओतणारा ड्रायव्हर बघून शहरातले हसतात, पण त्याचं निदान बरोबर असतं.

ठिणगी मेली असेल तर कॉइलवर पाणी न ओतता डिकीतली दुसरी कॉइल तारेनं बांधून लावायची. कॉइल गरम असणं हा दोष नाही, ती गरमच चालते. कॉइल मारायची खात्रीची रीत वेगळी आहे: इंजिन बंद, किल्ली चालू, पॉइंट मिटलेले, आणि आत बसलेली पोरं रेडिओ ऐकताहेत. तेवढ्यात तिच्यातून सतत करंट वाहतो आणि आतलं इन्सुलेशन शिजतं.

कॉइल विकत घेताना मल्टिमीटर खिशात असावा. या गाडीला तीन ओमच्या आसपासची लागते. पुढच्या काळातल्या गाड्यांच्या काही कॉइल दीड ओमच्या असतात, त्यांना बाहेरून एक रेझिस्टर लागतो. तशी नुसती लावली तर ठिणगी जबरदस्त, मालक खूष, आणि महिन्याभरात पॉइंट काळे.

*

वाफेवरून आठवलं. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल. ऊस तोडायला बीडची माणसं कोयता घेऊन दिवाळीनंतर पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. त्याच उसाचा काही अंश टाकी भरून आमच्या गाडीत परत येतो. गाडीला मात्र तो मानवत नाही. इथेनॉल जुन्या रबरी नळ्या आणि पंपाचा पडदा खातो, हवेतलं पाणी ओढतो आणि टाकीतला वर्षानुवर्षांचा गाळ सोडवून जेटमध्ये आणून बसवतो. लक्षणं अगदी इग्निशनची: मिसिंग, झटके, चढावर दम. करंट आधी बघायचा, हा चाचांचा नियम इथंही उपयोगी. करंट पक्का दिसला की निर्धास्तपणे नळ्या बदलायला घ्याव्यात.

*

सगळ्यात छळलं ते एका बोटभर तारेनं.

गाडी आरामात चालू व्हायची, जागेवर घड्याळासारखी फिरायची. अॅक्सिलरेटर दाबला की खटकन बंद. सोडला की कधी परत धरायची, कधी नाही. कार्बोरेटर धुतला, पंप बदलला, टाकीतली जाळी काढली. पॉइंट नवे, कंडेन्सर नवा, कॉइल उसनी आणून लावली. एका गॅरेजवाल्यानं इंजिन उतरवायचा सल्ला दिला आणि अंदाजपत्रकही.

चाचांनी कॅप काढली आणि डिस्ट्रिब्यूटरच्या आतली बेसप्लेट अंगठ्यानं थोडी मागंपुढं सरकवली. टेस्ट लॅम्प लावलेला होता. प्लेट एका बाजूला असताना दिवा लागत-विझत होता, सरकली की कायम लागून राहिला.

ही प्लेट फिरते, हे मुद्द्याचं. डिस्ट्रिब्यूटरच्या बाजूला व्हॅक्यूमची डबी असते. अॅक्सिलरेटरप्रमाणं तिच्यातली ओढ बदलते आणि ती पॉइंटची अख्खी प्लेट थोडी फिरवते, म्हणजे ठिणगी लवकर-उशिरा पडते. बाहेरून येणारी तार दर वेळी त्या प्लेटबरोबर वाकते. म्हणून मूळ तार मुद्दाम फार बारीक धाग्यांची, मऊ, कापडी वेष्टणाची असते. आमच्या गाडीत कधी तरी कुणी तरी घरच्या वायरिंगमधली साधी वायर टाकली होती. ती वरून अखंड होती. आत तांबं तुटलेलं, दोन टोकं वेष्टणात एकमेकांना टेकून. प्लेट हलली की टोकं सुटायची. मीटर लावून बघणाऱ्याला तार चांगली दिसायची, कारण तो गाडी उभी असताना बघायचा.

चाचांनी ती तार दोन्ही बोटांत धरून हलकेच ताणली. चांगली तार ताणत नाही. ही रबरासारखी लांबली.

तशीच दुसरी एक तार आहे: प्लेटला बॉडीशी जोडणारी अर्थची वेणी. ती तुटली की करंट प्लेटच्या बेअरिंगमधून जमेल तसा जातो आणि इंजिन मनाला येईल तेव्हा चुकतं. कॅप काढल्यावर या दोन तारा आधी बघायच्या, पॉइंट नंतर. तेव्हापासून माझा क्रम हाच.

*

जुन्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीची प्लसची तार बॉडीला असायची. मायनसला अर्थ करायची रीत तिकडं साठच्या दशकात हळूहळू आली. बॅटरीच्या दुकानातल्या पोराला हे ठाऊक नसतं. तो मायनस बॉडीला लावतो, गाडी चालू होते, कुणाला शंका येत नाही. पण कॉइलची दिशा उलटी होते. प्लगच्या मधल्या तापलेल्या टोकाकडून इलेक्ट्रॉन सहज सुटतात, उलट दिशेनं ढकलायला जास्त दाब लागतो. थंडीत सुरू करताना आणि चढावर हे जाणवतं.

बघायची जुनी युक्ती: प्लगची तार काढून तिचं टोक प्लगजवळ धरायचं आणि मधल्या फटीत शिसपेन्सिलीचं टोक आणायचं. ठिणगीचा भगवा फुलोरा पेन्सिलीच्या प्लगकडच्या बाजूला दिसला तर दिशा बरोबर. तारेकडच्या बाजूला दिसला तर कॉइलवरच्या दोन बारीक तारा अदलाबदल करायच्या. जुन्या लुकास कॉइलवर एसडब्ल्यू आणि सीबी अशी अक्षरं असतात, नव्यांवर अधिक-उणे. डायनॅमो असेल तर त्यालाही नव्या दिशेची ओळख करून द्यावी लागते, पण ते वेगळं प्रकरण.

*

मृगाचा पहिला शिडकावा. बीडचा पाऊस मुळात बेताचा, पण गाडी बंद पाडायला एवढा पुरतो. कोरड्या महिन्यांची धूळ कॅपवर आणि तारांवर बसलेली असते. तिच्यावर ओल आली की करंटला प्लगपेक्षा जवळचा रस्ता सापडतो. कॅप काढायची, आतून-बाहेरून कोरड्या फडक्यानं पुसायची. आत पेन्सिलीनं ओढल्यासारखी काळी बारीक रेघ दोन टोकांमध्ये दिसली तर कॅप गेली. खरवडून चालवतात लोक, आठवडाभर चालतेही.

अमावास्येच्या आसपास रात्री दिवे बंद करून, इंजिन चालू ठेवून बॉनेट उघडावं. जुन्या तारांवरून निळ्या मुंग्या पळताना दिसतात. दिवसा असं निदान होत नाही.

*

एक-तीन-चार-दोन. हा फायरिंगचा क्रम. रोटर घड्याळाच्या उलट्या दिशेनं फिरतो. कॅप बदलताना चारही तारा एकदम उपसणारा माणूस संध्याकाळपर्यंत घरी जात नाही. एक तार काढावी, नव्या कॅपमध्ये त्याच जागी घालावी, मग दुसरी.

त्यातूनही घोळ झाला आणि गाडी कार्बोरेटरमधून फाडकन शिंकली तर वरचं टॅपेट कव्हर काढून बघावं. पुलीवरची खूण जागेवर आणून चौथ्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह डुलताना दिसले, एक मिटत दुसरा उघडत, तर पहिला सिलिंडर फायरिंगवर आहे. त्या वेळी रोटरचं तोंड पहिल्या प्लगच्या तारेकडं हवं. चौथ्याकडं असेल तर डिस्ट्रिब्यूटर अर्ध्या फेरीनं चुकलाय. मग टेस्ट लॅम्प लावून डिस्ट्रिब्यूटरचा देह हळूहळू फिरवायचा; दिवा लागतो त्या केसावर नट आवळायचा. स्ट्रोब लाइट नसलेल्या गावात टायमिंग असंच बांधलं जातं आणि ते चांगलं बसतं.

*

इंग्लंडमधले मोटारवाले जोसेफ लुकास यांना ‘अंधाराचा राजपुत्र’ म्हणतात. त्यांच्या बर्मिंगहॅमच्या कंपनीचे दिवे आणि इग्निशन दगा देतात म्हणून हा विनोद. इकडे नेमकं उलटं. १९६१मध्ये लुकास आणि टीव्हीएस यांनी मिळून मद्रासला कारखाना काढला, पाडीला. आणि मराठवाड्यातल्या मेकॅनिकच्या तोंडी ‘लुकास का माल’ ही शाबासकी झाली. मला इंग्रजांचा विनोद अर्धाच पटतो. पाऊस, मीठ आणि चाळीस वर्षांची हेळसांड झाल्यावर कुणाचीही वायर तुटेल. खरा अंधार आता डुप्लिकेट रोटरमध्ये आहे.

रोटरच्या पितळी पट्टीखालचा रिव्हेट लांब असतो. प्लास्टिक निकृष्ट असेल तर करंट त्यातून थेट खालच्या शाफ्टमध्ये उतरतो. बाहेरून काही दिसत नाही. तपासायला रोटर जागेवर ठेवून कॉइलची मधली तार त्याच्या पितळेवर अर्ध्या बोटानं धरायची आणि पॉइंट उचकायचे. पितळेवर ठिणगी पडायला नको. पडली तर रोटर फुटलाय. जुने चांगले रोटर कोलकात्याच्या मल्लिक बाजारात आणि दिल्लीच्या काश्मिरी गेटला शोधणाऱ्याला सापडतात. कुणी तिकडं निघालं की मी यादी हातात ठेवतो.

*

बीड निजामाच्या राज्यात होतं तेव्हा त्या राज्याची सरकारी बससेवा १९३२मध्ये २७ गाड्यांवर सुरू झाली. गाड्या ग्लासगोच्या, अल्बियन. नंबरात ‘झेड’ असायचा तो निजामाच्या आईच्या, जहरा बेगमच्या नावाचा म्हणतात. ब्रिटिश मोटारीशी या भागाची सोयरीक अँबेसिडरच्या आधीची आहे.

*

२०२१च्या नियमानं पन्नास वर्षांवरची गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नंबरात ‘व्हीए’ येतं, नव्या नोंदणीला वीस हजार रुपये. अट अशी की ती रोजच्या वापराला काढायची नाही; प्रदर्शन, रॅली एवढंच. मित्र आग्रह करतात. मला पटत नाही, कारण इग्निशनला सगळ्यात जास्त मारतं ते उभं राहणं. उभ्या गाडीच्या पॉइंटवर डोळ्याला न दिसणारा पापुद्रा चढतो आणि बारा व्होल्ट त्याला भेदू शकत नाहीत. दोन महिने शेडमध्ये असलेल्या गाडीला सेल्फ मारून बॅटरी उतरवण्याऐवजी आधी पॉइंटमधून पुठ्ठा ओढावा. बहुतेक वेळा एवढ्यावर भागतं.

*

पुण्याचा भाचा म्हणतो, "मामा, पॉइंट काढून टाक ना, इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल बसव." डिस्ट्रिब्यूटरच्या आत मावतं, चुंबकावर चालतं, झिजत नाही. खरं आहे. ठिणगीही एकसारखी पडते. पण ते बिघडतं तेव्हा पूर्वसूचना देत नाही, आणि बॅटरीच्या तारा क्षणभर उलट्या लागल्या तरी मरतं. पॉइंट आधी कुरकुरतात, मग मिस करतात, मग बंद पडतात. पाटोद्याच्या पुढं रात्री मॉड्यूल गेलं तर ब्लेडचं पाकीट काय कामाचं? बसवायचंच तर जुनी प्लेट पॉइंट-कंडेन्सरसकट, अंतर लावून, डिकीत ठेवावी. भाच्याला हे मान्य आहे. चाचांना मॉड्यूलच मान्य नाही.

*

१९४०मध्ये जर्मन उतरतील या भीतीनं ब्रिटनमध्ये उभी गाडी निकामी करून ठेवायची सक्ती झाली. लोक रोटर काढून खिशात टाकायचे. परळीला महाशिवरात्रीच्या गर्दीत मीही तेच करतो. किल्लीवर माझा भरवसा नाही. या गाड्यांची कुलपं जीर्ण झालीत, कुठलीही किल्ली लागते.

*

राहिलेलं काम: तिसऱ्या गिअरमध्ये एका ठरावीक वेगाला येणारं मिसिंग. पॉइंटचं अंतर कॅमच्या चारही टोकांवर मापलं, चारही वेगळी. म्हणजे डिस्ट्रिब्यूटरच्या शाफ्टचं बुश झिजलंय. शाफ्ट बोटांनी हलवला तर खेळ जाणवतो. चाचा म्हणतात लेथवाल्याकडून ब्राँझचं बुश करून घ्या, ते आधी रात्रभर तेलात बुडवा. लेथवाला सध्या ऊसतोडीच्या ट्रॅक्टरच्या कामात आहे. दिवाळीपर्यंत फुरसत नाही म्हणतो. बुशचं माप लिहून त्याच्याकडं दिलंय.